चांद्याची घाटी

मोबाईलची काच बसेपर्यंत स्नेहा बीदरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थांबली होती. शेजारी संतपूरचं एक म्हातारं जोडपं जमिनीतला धातू शोधायची मशीन बघत होतं. दुकानदार दोन मशिनी पुढं ठेवून सांगत होता.

"ही खोलवर बघती, अप्पा, पण जड हाय. ही हलकी. सोनं, तांबं, लोखंड, समदं दाखवती."

"हलकीच दे. हिलाच धरायचीय."

"अक्का धरणार? शेतात हंडा हाय का काय?"

"बैल हाय."

"बैल?"

"आमचा चांद्या. शेतातच पुरलाय त्याला. खुणेचा लिंब वाळून गेला, बुंधाबी ऱ्हायला न्हाई, आन् उद्या तळं खोदायला जेसीबी यायलाय."

"मशीन हाडं न्हाई दाखवत, अप्पा."

"गळ्यात पितळंची घाटी हाय की, चालला की वाजायची. हिनं काढूच दिली न्हाई."

"मुक्यानं कसं जाऊ द्यायचं त्याला?" म्हातारी पहिल्यांदाच बोलली.

दुकानदारानं एक पितळी कुलूप खाली पडलेल्या पोत्याखाली सरकवलं आणि हलकी मशीन तिच्या हातात दिली.

"फिरवा, अक्का. सावकाश."

पोत्यावर येताच मशीन वाजली.

"आवं, मातीखालनं बी अशीच वाजंल?"

"व्हय, अक्का. अशीच."

म्हातारीनं मशीन खाली ठेवली, पायातल्या चपला काढल्या आणि मग ती पुन्हा उचलली.