पहिल्या ओळीचा पिंजरा

प्राण्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाई कुत्र्याला कुरवाळत बसल्या होत्या. शेजारी नणंद-भावजय येऊन टेकल्या. भावजयीच्या मांडीवर लॅपटॉप होता, नणंदेच्या मांडीवर टोपली, आणि टोपलीत मांजर. शिंपीणबाईंनी डोळे मिटले आणि कान उघडे ठेवले.

“वन्सं, तपासून झालं की हिला होती तिथे सोडून यायचं. आपल्या मांजरघरात एक पिंजरा शिल्लक नाही.”

“अगं, कोपऱ्यातला रिकामा दिसतो की! महिनाभर रोज झाडतेय मी तो.”

“रिकामा कसा असेल? इथे भरलेला दिसतोय.”

“कोण आहे त्यात?”

“थांबा, बघते. नाव, ‘नाव’. रंग, ‘रंग’. वय, ‘वय’. अगंबाई!”

“काय झालं गं?”

“तुमची ती मांजरांच्या यादीची, स्वल्पविराम घातलेली फाइल मी डेटाबेसमध्ये चढवली ना, तेव्हा पहिली ओळ मथळ्यांची आहे हे त्याला सांगायलाच विसरले. त्याने मथळ्यालाच मांजर समजून पिंजरा देऊन टाकला!”

“तरीच! म्हटलं, या वाटीतलं पाणी कोणी पीत कसं नाही.”

“म्हणजे वाटीपण ठेवत होतात?”

“मग? दिसत नाही म्हणजे लाजरं असेल, वाटलं.”

“धन्य आहे तुमची! थांबा, ती ओळ पुसून हिची नवी घालते.”

“पुसू नकोस. त्यातच रंग काळा कर.”

“केला. वय?”

“वर्षाची लिही.”

“लिहिलं. आणि नाव?”

“ते ‘नाव’च राहू दे बाई. महिनाभर बिचाऱ्याने हिच्यासाठी जागा धरून ठेवली.”