मठाच्या शाळेची तपासणी

साहेब: आणि या वर्गाला खिडक्या किती, भगिनी?

ताई: गेल्या वर्षी होत्या तेवढ्याच, साहेब. शिपाईमामा गेले खाली. आता नीट बोल.

साहेब: नक्की गेले?

ताई: जिन्यावर त्यांचे गुडघे वाजतात, ऐकू येत नाही का? बस. त्या बाकावर नको, त्याचा पाय डुगडुगतो. छोटी कशी आहे?

साहेब: पुढचे दात पडलेत, तरी तुझ्या भाचीचं तोंड मिटत नाही. यंदा शाळेत घातली. घराजवळच्या सरकारी.

ताई: रडते?

साहेब: आम्ही रडतो. ती मागे वळूनसुद्धा बघत नाही.

ताई: म्हणजे तुझ्यावर गेली नाही. तू माझी वेणी घट्ट धरून शाळेत यायचास. गुरुजी म्हणायचे, आली बघा, वेणीला ठोंब्या बांधून आली.

साहेब: अख्ख्या वर्गानं ते नाव उचललं. अजून एक वर्गमित्र भेटला की तसंच हाक मारतो, बायकोदेखत. ताई, ते राहू दे. मठानं काय ठरवलं? आमच्या खात्यात रोज विचारणा होते. बाकीच्या सगळ्या शाळांची उत्तरं आली, तुमचंच नाही.

ताई: सांगते. आधी तू सांग. आम्हाला नुसता हुकूम आला, मठाची शाळा यापुढे सार्वजनिक धरली जाणार नाही. मग इतकी वर्षं काय होती ती? फाटक तर कधी कुणाला बंद केलं नाही आम्ही.

साहेब: तेच पाहायला आमची समिती देशोदेशी हिंडून आली ना. सार्वजनिक शाळा कशाला म्हणायचं, याचं एक उत्तर कुठे नाही बघ. एका देशात शाळा सरकारनं चालवली तरच सार्वजनिक. तिथे धर्माचं काही म्हणून उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. शिक्षिकेच्या गळ्यात काय आहे तेही बघतात. दुसऱ्या देशात याच्या अगदी उलट. मठाची असो, आणखी कुणाची असो, सरकार सगळ्यांना सारखंच अनुदान देतं आणि आईबाप हवी ती शाळा निवडतात. तिथल्या अधिकाऱ्याला मी विचारलं, यातली सार्वजनिक कुठली? त्याला प्रश्नच कळेना. म्हणाला, सगळ्याच. आणखी एका ठिकाणी धर्माच्या शाळेला सरकार छदामही देत नाही, पण तिच्या वाटेलाही जात नाही. तुमचं तुम्ही बघा, म्हणतात.

ताई: आणि तुला कुठलं पटलं?

साहेब: एक लहानसा देश होता. तिथे मालक कोण हे विचारतच नाहीत. दार सगळ्यांना उघडं आहे का, आणि मुलाला प्रार्थनेला न बसण्याची मुभा आहे का, एवढंच बघतात. दोन्ही असेल तर शाळा सार्वजनिक. मी तिथल्या एका वर्गात मागे बसलो होतो. शिकवणारीच्या अंगावर तुझ्यासारखंच दीक्षेचं वस्त्र होतं. मला वाटलं, आता ही वळेल आणि तू असशील.

ताई: आपल्या मंत्र्यांना मात्र पहिला देश आवडला.

साहेब: हो.

ताई: हे ठरलं त्या बैठकीत तू काय म्हणालास?

साहेब: अहवाल वाचून दाखवला. सगळ्या देशांचं सगळं आलं होतं त्यात, काही वगळलं नाही.

ताई: वाचून झाल्यावर, ठोंब्या. आपल्याला यातलं कुठलं बरं, असं कुणीतरी विचारलं असेलच ना.

साहेब: विचारलं.

ताई: मग?

साहेब: मी गप्प बसलो. ताई, मी मठाच्या बाजूनं एक शब्द जरी काढला असता, तरी कुणीतरी खणत बसलं असतं, याला एवढा कळवळा कशाचा. तू माझी बहीण आहेस हे बाहेर आलं असतं, आणि या शाळेची तपासणी त्याच दिवशी माझ्याकडून गेली असती. तुमच्या नियमात नातेवाइकांना भेटायचं नाही. वर्षातून एकदा मी इथे येऊ शकतो तो साहेब म्हणून. तेवढं टिकावं म्हणून बसलो गप्प.

ताई: तू वकील होणार होतास.

साहेब: त्याचं काय आता?

ताई: काही नाही. मी दीक्षा घेतली तेव्हा तू कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतास. आणि नंतर एकदा हे फाटक उघडून शिक्षण खात्याचा नवा साहेब आत आला, तर तो तू. मी फळ्यावर काय लिहीत होते तेच विसरले. तुला कधी म्हटलं नाही, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. दीक्षेत असलेल्या बाईला वाटू नये इतकं.

साहेब: आई गेल्याचंही मी तुला इथेच सांगितलं.

ताई: याच वर्गात. मुलं पाढे म्हणत होती. तू हजेरी बघितल्यासारखं करत माझ्याजवळ आलास आणि खालच्या आवाजात बोललास. मी मुलांना म्हटलं, बाराचा पुन्हा पहिल्यापासून म्हणा. आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. बिचारी म्हणत राहिली. कुणाला वाटलं असेल, बाईंना आज बाराचा फारच आवडला.

शिपाईमामा: बाई, येऊ का? खालून सुतार विचारतोय. दर्शनी भिंतीवरची प्रार्थनेची पाटी आज उतरवायची की मठाची माणसं न्यायला येणार?

ताई: आज उतरवा. सावकाश उतरवा म्हणावं, तिच्यामागे चिमण्यांनी घर केलंय.

शिपाईमामा: आणि साहेबांना चहा?

साहेब: नको मामा. तपासणी चालू आहे.

शिपाईमामा: चालू द्या की. इतकी वर्षं चाललीच आहे. साहेब, तुमच्या आणि बाईंच्या कपाळावर एकाच जागी आठी पडते. पहिल्या खेपेलाच बघितली होती मी. म्हणून तर जिन्यावरून उतरताना मी गुडघे जरा जास्तच वाजवतो. येतो.

साहेब: म्हणजे मामांना माहीत होतं?

ताई: मोठ्या भगिनींनाही माहीत आहे. मठाच्या प्रमुख आहेत त्या. साहेबांबरोबर फिरायला दरवर्षी त्या मलाच का धाडतात, असं कधी वाटलं नाही तुला? इथे इतक्या जणी आहेत.

साहेब: मग त्यांनीच सांगायचं ना. शाळेच्या वेळापुरतं वस्त्र उतरवा म्हणून. ताई, पहिल्या देशात मी हे पाहिलंय. फाटकाजवळ एक खोली असते. बायका तिथे कपडे बदलतात, दिवसभर शिकवतात, जाताना पुन्हा बदलतात. कुणाचं काही बिघडत नाही.

ताई: त्यांचं बिघडत नसेल. मी वचन दिलं तेव्हा शाळेची वेळ सोडून दिलं नव्हतं.

साहेब: नुसता कपडा आहे तो.

ताई: मग तुमच्या मंत्र्यांना तो एवढा का सलतो? नुसता कपडा आहे म्हणून राहू द्यायचा.

साहेब: वाद नको घालूस माझ्याशी.

ताई: वाद नाही घालत. आज तर मुळीच नाही.

साहेब: बरं. नको उतरवूस. दुसरी वाट आहेच की. मठानं खाजगी शाळा म्हणून नोंद करायची. अनुदान जाईल, फी लावावी लागेल, पण वर्गात कोण कुठल्या वस्त्रात उभं आहे हे कुणी विचारणार नाही. आणि ऐक, नव्या नियमांच्या मसुद्यात मी एक वाक्य घालून घेतलं आहे. खाजगी शाळांचीही वर्षातून एकदा तपासणी व्हावी. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. म्हणजे तू शिकवशील आणि मी येत राहीन. शहरातल्या बहुतेक मठांनी हेच केलंय. तुम्हीही तेच केलं असणार, मला खात्री आहे. फक्त कळवायचं राहिलं असेल.

ताई: ठोंब्या.

साहेब: काय?

ताई: तू खरंच असं धरून चालला होतास?

साहेब: दुसरं काय धरणार?

ताई: परवा जेवणानंतर आम्ही सगळ्या बसलो. मोठ्या भगिनी म्हणाल्या, कौल घेऊ. फी लावून शाळा आपल्याकडे ठेवायची, की शाळा सरकारला देऊन आपण मठात परतायचं. अर्ध्या इकडे झाल्या, अर्ध्या तिकडे. मी हात वर केलाच नव्हता. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तुला माहीत आहे इथे कोण येतं. रंगाच्या कारखान्यातल्या बायका कामावर जाताना मुलांना फाटकात सोडतात. मुलांना घ्यायला येतात तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत रंग असतो. कुणाचा निळा, कुणाचा पिवळा. मुलं लांबूनच आपली आई ओळखतात. त्यांच्याकडून फी घेऊ? त्या देणार नाहीत, मुलाचं नाव काढतील आणि त्यालाच कारखान्यात नेतील. मग मी कुणाला शिकवू? चांगल्या बुटातल्या मुलांना? त्यांना शिकवायला पुष्कळ जण आहेत.

साहेब: म्हणजे तू...

ताई: मी सरकारला द्यायच्या बाजूनं हात वर केला. मुलं इथेच राहतील, फुकट शिकतील. नवे शिक्षक येतील. आम्ही मठात जाऊ, आणि मठाचं दार मात्र सार्वजनिक नाही.

साहेब: तुला माहीत होतं ना, की मग मी...

ताई: हात वर करताना दुसरं काही डोक्यात नव्हतं. बैठकीत तू गप्प बसलास तो माझ्यासाठी, हे मला न सांगताही कळलं होतं. मला तसं करता आलं नाही.

साहेब: मी अख्खा जन्म या खात्यात घातला, ताई. पावसाळ्यात गळणारी छपरं बघितली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. बायको म्हणते, तुम्हाला बढती का नको असते. बढती मिळाली तर तपासण्या बंद होतात, म्हणून नको असते. आणि तू एक हात वर करून मला सोडून दिलंस.

ताई: हो. सोडलं.

साहेब: निदान नाही तरी म्हण.

ताई: तुझ्याशी बोलायला मला एवढाच दिवस उरलाय, तो खोटं बोलण्यात कशाला घालवू? मला काल रात्रभर झोप नाही, ठोंब्या. प्रार्थनेला बसले तर शब्द आठवेनात. छोटी मोठी होईल, मला कळणार नाही. तू आजारी पडशील, कळणार नाही. आईचं तरी पाढ्यात का होईना, कळलं.

(बाहेर सुतार पाटी उपटत असल्याचा आवाज.)

साहेब: मठातून बाहेर पडणाऱ्या कुणी नसतात का? दीक्षा सोडून?

ताई: असतात. आम्ही त्यांना वाईट म्हणत नाही. पण मला इथे राहायचं आहे. मला हे आवडतं रे. तुम्हा सगळ्यांना सोडून आले ते काही रागावून नव्हते आले. हे मी आईला कधी पटवू शकले नाही, तुला तरी पटू दे.

साहेब: पटलंय. कधीचं पटलंय. म्हणून तर हजेऱ्या तपासत फिरलो.

ताई: डोळे पूस. खाली जाताना बाकीच्या भगिनी बघतील, म्हणतील शाळेचा निकाल फारच वाईट लागलेला दिसतो.

साहेब: शेरा काय लिहू?

ताई: जे आहे ते लिही. मुलं वाचतात. तिसरीतली थोडी मागे आहेत, नव्या बाईंना म्हणावं, त्यांना घाई करू नका.

साहेब: पुढच्या वर्षी या शाळेची तपासणी दुसऱ्या कुणाला तरी देतो. मला नाही जमणार इथे पाय टाकायला.

ताई: नाही. तूच यायचं.

साहेब: कशासाठी? तू नसताना?

ताई: मुलं असतील. आणि मी काही लांब नाही जात. मधे एक भिंत आहे फक्त, मठाची बाग आणि शाळेचं अंगण यांच्यात. मधल्या सुट्टीचा गोंगाट आमच्याकडे स्पष्ट येतो. मोठ्या भगिनी म्हणतात, कान बंद करा असं नियमात कुठे लिहिलेलं नाही.

साहेब: माझा आवाज येईल?

ताई: तू बोललास तर येईल. तिसरीच्या खिडक्या आमच्या बाजूला उघडतात. मुलांना काहीतरी विचार. घरी कोण कोण आहे, सगळे बरे आहेत का, असं काहीही. आणि आमच्या घरचे पण बरे आहेत, असं त्यांना सांग. जरा मोठ्यानं सांग.