नमस्काराचं शुल्क

आपल्या गणपतचा किस्सा सांगतो, पण यावर हसू नका गड्यांनो. म्या हसवायले गेलो, तिथंच चुकलं.

त्याच्या पोरीले, पूनमले, बारावीनंतर सरकारी कॉलेजात नाव लिहायचं होतं. पोरींले शिक्षण शुल्क माफ आहे, असं ऐकून तो खुशीत सौंसरले आलता. त्याले वाचता येत नाही, मले अर्धंमुर्धं येते. बोर्डावरची यादी म्याच मोठ्यानं वाचली, "शिक्षण शुल्क माफ. जनभागीदारी शुल्क, खेळ शुल्क, ओळखपत्र शुल्क..."

"मंग माफ काय झालं, भाऊ?"

"कायद्यात शिक्षण शुल्क वेगळं अन् बाकीचं वेगळं, बाप्पा!" म्या म्हटलं, अन् मले चेव आला. "पुढं ऐक! पंख्याच्या हवेचं शुल्क, बाकावर बसायचं शुल्क, सरांले नमस्कार करायचं शुल्क!"

भोवतालची पोरं खदखदून हसली. गणपत हसला नाही. फॉर्म खिशात घालून गावाकडं, लोधीखेड्याच्या बसमध्ये जाऊन बसला. म्या समजलो, रुसला असन.

शेवटची तारीख निघून गेल्यावर कळलं, त्यानं फॉर्म भरलाच नाही.

"अरे लेका, नमस्काराचं शुल्क असते का कुठं?"

"ओळखपत्राचं असते, खेळाचं असते, मंग नमस्काराचं काऊन नसन?"



पूनम आता संत्र्याच्या पेट्या भरून राहिली. परवा रस्त्यात भेटली. हात जोडून नमस्कार केला अन् म्हणाली, "काका, याचं किती झालं?"