लाल खडूची ओळ

(उस्मानपुऱ्यातल्या वाचनालयाबाहेरचा बातम्यांचा फळा. दर रविवारी सकाळी सखाराम आठवड्याच्या बातम्या सांगतात आणि शाळेतून निवृत्त झालेल्या रत्नमालाबाई त्या लिहितात.)

सखाराम: ...दुसरी बातमी, सोनं पुन्हा चढलं. तिसरी, महापालिकेच्या जागांवरून दोस्त पक्षांचं अजून जुळंना. झालं लिहून?

रत्नमाला: झालं.

सखाराम: आता लाल खडू घ्या. खाली भाष्य. लिहा, जागावाटप म्हंजे... बाई, खडू का ठेवला?

रत्नमाला: मागच्या रविवारचं भाष्य आठवतं का, भाऊ?

सखाराम: व्हय की. वाळूजच्या कंपनीनं चाळीस माणसं काढली, त्याच्यावर होतं. 'खरं काम करणाऱ्याला कुणी काढत नाही.' लई गाजलं. हाटेलवाल्यानं चहा पाजला मला.

रत्नमाला: त्या चाळीस जणांत आमचा सत्यम होता.

सखाराम: सत्यम? नाय हो. बुधवारी मी त्याला डबा घेऊन जाताना बघितलं.

रत्नमाला: डबा मीच भरून द्यायचे. आठ-दहा दिवस तो सिद्धार्थ उद्यानात बसून तो डबा खात होता. काल त्याच्या मित्रानं सांगितलं. मागच्या रविवारी संध्याकाळी आईला सांगून टाकतो, असं ठरवलं होतं म्हणे त्यानं. घरी येताना फळा वाचला.

सखाराम: पण भाष्य माझं असतंय, हे सगळ्या उस्मानपुऱ्याला ठाऊक आहे.

रत्नमाला: अक्षर माझं असतं. याच अक्षरावर गिरवून लिहायला शिकला तो. घरी आला, जेवला, काही बोलला नाही. गुरुवारी उठून पैठणला मामाकडे गेला. फोन उचलत नाही.

सखाराम: कुठं गेली होती माझी अक्कल. अडतीस वर्षं पोस्टात पक्की नोकरी केली, मला कोण काढतंय. आता पेन्शनवर बसून दुसऱ्याच्या पोरांना नावं ठेवली. माफ करा, बाई.

रत्नमाला: सगळं तुमच्यावर घेऊ नका. ओळ तुम्ही सांगितली. तिच्याखाली मी दोन रेघा मारल्या, त्या कुणी सांगितल्या होत्या?

सखाराम: कुणीच नाय.

रत्नमाला: मला पटली होती ती ओळ. तेच खातंय मला.

सखाराम: जागावाटप राहू द्या. लिहा... 'मागच्या रविवारी या फळ्यावर चुकीचं लिहिलं गेलं.'

रत्नमाला: लिहिलं गेलं नाही, भाऊ. आपण लिहिलं.

सखाराम: बरं. 'मागच्या रविवारी आम्ही इथं चुकीचं लिहिलं. काम गेलं म्हणून माणूस कामचोर ठरत नाही.' सत्यमचं नाव घालायचं का?

रत्नमाला: नको. अक्षर ओळखतो तो.

सखाराम: मग फोटो काढून पाठवू का त्याला पैठणला?

रत्नमाला: माझा फोन उचलत नाही, फोटो कुठला उघडतोय. येईल तेव्हा घराकडे इथूनच जावं लागेल त्याला.

सखाराम: पण पुढच्या रविवारी आपण फळा पुसणार की.

रत्नमाला: वरच्या बातम्या पुसू.

सखाराम: आणि भाष्य?

रत्नमाला: हेच. तो येईपर्यंत हेच.