फॉर्ममध्ये लाल रेघ येत नाही

...आणि वर मलाच विचारतात, बाई, तुम्ही नीट बघितलंत का? अहो, नीट म्हणजे किती नीट बघायचं माणसानं? चष्मा पुसून बघितलं, चष्मा काढून बघितलं, पडद्याला नाक लावून बघितलं, शेजारच्या टेबलावरच्या बाईला बोलावून तिच्या डोळ्यांनी बघितलं. फॉर्म आहे, फॉर्ममध्ये राखाडी चौकोन आहेत, चौकोनांत माझे शब्द आहेत... आणि लाल रेघ? तिचा पत्ता नाही.

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई एका रेघेसाठी एवढी का तणतणतेय.

मी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात आहे. एकवीस वर्षं. पाच वॉर्डांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं माझ्या नजरेखालून जातं. शिक्षण चौथी. ते मी लपवत नाही, लपवायला आहे किती ते! माझी धाकटी जाऊ पण तिथंच, इस्त्रीच्या रोलरवर. रोलर म्हणजे दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब तापलेला दांडा, इकडून ओली चादर घालायची, तिकडून वाळून कडक बाहेर. बोटं आत जाऊ नयेत म्हणून पुढे जाळी असते. ती जाळी दोन महिने निखळलेली. मी तीनदा सांगितलं. तोंडानं सांगितलं, तिथंच चुकलं माझं, त्या इमारतीत तोंडानं सांगितलेलं कुणाला ऐकू येत नाही, कागदावर आलं की मग सगळे दचकतात. शेवटी व्हायचं ते झालं. चादरीबरोबर जावेचा उजवा हात ओढला गेला, मनगटापर्यंत भाजला. बोटं शाबूत राहिली, तिचं नशीब.

आता नियम कसा, तर अपघाताचा फॉर्म पंधरा दिवसांच्या आत खिडकीत स्वीकारला गेला तर हात बरा होईपर्यंत हलकं काम मिळतं. नाही स्वीकारला, तर सुट्टी संपली की पट्टी बांधलेल्या हातानं त्याच रोलरपुढे उभी राहा, नाहीतर घरी बस. कायमची. आणि फॉर्म हातानं लिहिलेला चालत नाही. कॉम्प्युटरवर भरायचा, छापायचा, सही करायची, खिडकीत द्यायचा. जावेचा हात पट्टीत. मग भरणार कोण? मी. एका बोटानं.

मला कॉम्प्युटर येत नाही असं समजू नका. धुलाईखान्याच्या याद्या सहा वर्षं मीच टाइप करते. साध्या पानावर लिहायचं, शब्द चुकला की त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ येते, तिच्यावर उजवं बटण दाबलं की बरोबरचा शब्द समोर हजर. त्या रेघेच्या जिवावर मी इथवर आले. शाळेतल्या बाईंनी शिकवलं नाही तेवढं तिनं शिकवलं, आणि तेही कान न पिरगाळता.

तर मी फॉर्म भरला. जाळी कधी निखळली, मी कुणाकुणाला सांगितलं, हात कसा गेला, मशीन बंद करायला कोण धावलं, सगळं. दीड पान! आणि तुम्हाला सांगते, लिहिता लिहिता माझी छाती फुगायला लागली, कारण अख्ख्या दीड पानात एकही रेघ नाही. एक नाही हो! मी म्हटलं, झालं, पोचलो आपण, आता आपल्याला शिकवायचं कुणाचं काम नाही. बाजूला जाऊ बसलेली, पट्टीचा हात गळ्यात अडकवून. तिला म्हटलं, बघ, अशी असते हुशारी. ती म्हणते, "ताई, काल यादीत तर बारा रेघा होत्या." मी म्हटलं, तुझा हात भाजलाय, जिभेला काही झालेलं दिसत नाही.

दिला फॉर्म खिडकीत. खिडकीत बसते पेन्सिलवाली. तिचं खरं नाव तिच्या घरच्यांना माहीत असेल, आम्ही सगळे पेन्सिलवालीच म्हणतो, कारण कागद दिसला की तिचा हात कानामागे जातो आणि पेन्सिल बाहेर येते. तिनं वाचायला घेतलं आणि गोल केला. मग दुसरा गोल. मग तिसरा... शेवटी पानावर अक्षरांपेक्षा गोल जास्त दिसायला लागले. सत्तेचाळीस! म्हणाली, फॉर्म शुद्ध असावा, नियम नऊ, दुरुस्त करून आणा. मी म्हटलं, कॉम्प्युटरनं एकही चूक काढली नाही, तुम्ही काय त्याच्यापेक्षा शहाण्या? ती मान वर न करता म्हणाली, हो.

आता गोल केले, पण गोलात काय चुकलंय ते सांगेल तर शपथ. मी त्या सत्तेचाळीस ठिकाणी, आणि शंका आली तिथं आणखी काही ठिकाणी, दुरुस्ती केली, म्हणजे होतं त्याच्या उलट लिहिलं. लाल रेघ? तिचा पत्ता नाही. परत नेला. परत पेन्सिल. एकतीस गोल! त्यातले नऊ आधी बरोबर होते ते मी दुरुस्त करून बिघडवलेले. आणि दिवस उरले होते चार.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की रेघ येत नाही ती मी हुशार झाले म्हणून नाही, तिला येताच येत नाही म्हणून.

गेले कॉम्प्युटरवाल्या साहेबांकडे. त्यांना आम्ही रीस्टार्ट म्हणतो. तुम्ही त्यांना सांगा की माझी पाठ दुखते, ते म्हणतील एकदा बंद करून चालू करा. त्यांनी माझा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग शेजारचा बंद करून चालू केला. मग खुर्चीवर रेलून म्हणाले, "बाई, हा फॉर्म कुलूपबंद आहे. म्हणजे फक्त राखाडी चौकोनांत लिहिता येतं, बाकी कशाला हात लावता येत नाही. आणि कुलूपबंद फॉर्ममध्ये शुद्धलेखन तपासलं जात नाही. ते तसंच असतं." मी म्हटलं, मग कुलूप काढा. म्हणाले, पासवर्ड लागेल. मी म्हटलं, मग सांगा. म्हणाले, मला माहीत नाही, फॉर्म बनवला भाऊसाहेबांनी, आणि ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली. म्हणजे बघा, ज्या फॉर्ममध्ये चूक चालत नाही, त्याच फॉर्ममध्ये चूक दिसत नाही, आणि दिसायची सोय करणारा माणूस घरी गेला... आणि ह्या चार वर्षांत एकाही माणसाला वाटलं नाही की हे विचारावं? मी विचारलं रीस्टार्टना, बाकीचे कसे भरतात? तर म्हणे, बाकीचे भरतच नाहीत.

ते ऐकलं आणि मला जे पेटलं ना! तशीच जावेला घेतली आणि भाऊसाहेबांचं घर गाठलं. ते बिचारे अंगणात मोडक्या खुर्चीला खिळे ठोकत होते. मी नमस्कार केला आणि म्हटलं, पासवर्ड द्या. ते घाबरलेच. जावेनं सगळं नीट सांगितलं, तिला गोड बोलता येतं. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, "पासवर्ड मी ठेवलाच नव्हता हो."

ठेवलाच नव्हता! चार वर्षं अख्खी इमारत ज्या कुलपाला घाबरून होती ते नुसतंच लटकवलेलं. वर 'संरक्षण थांबवा' असं बटण आहे, ते दाबायचं, झालं. पण तेवढ्यानं रेघ येणार नाही, म्हणाले. सगळा मजकूर निवडायचा, भाषेची खिडकी उघडायची, तिथं बारीक अक्षरांत लिहिलंय 'शुद्धलेखन तपासू नका', त्याच्यापुढची खूण काढायची. मी म्हटलं, ही खूण कुठल्या शहाण्यानं केली? म्हणाले, मीच, तेव्हाच्या साहेबांना पडद्यावर रेघा दिसलेल्या आवडत नसत.

दुसऱ्या दिवशी कामाची पाळी संपल्यावर बसले. बटण दाबलं. कुलूप निघालं. खूण काढली. आणि तुम्हाला काय सांगू... आली! अहो, अशी आली की एक शब्द सुटला नाही, फॉर्म गोवर आल्यासारखा दिसायला लागला. जावेच्या नावाखाली पण रेघ! जाऊ म्हणते, "ताई, माझं नाव पण चूक?" मी म्हटलं, आपल्या सासूला विचार, लग्नात तिनंच ठेवलंय. एकेक रेघ पुसत गेले, उजवं बटण, बरोबरचा शब्द, पुढे. दीड तास. शेवटची रेघ गेली तेव्हा मी हात जोडले.

आणि मग मी काय केलं असेल? आमच्या कामाची सवय आहे, स्वच्छ चादरींचं कपाट उघडलं की काम झाल्यावर कुलूप लावायचं, किल्ली कमरेला. एकवीस वर्षांत एकदा चुकले नाही. उघडलेलं कुलूप तसंच टाकून जाणारी मी नव्हे. भाऊसाहेबांचं कुलूप परत लावलं, वर जपून सेव्ह केलं...

सगळे चौकोन रिकामे.

दीड पान! एक अक्षर नाही. नावसुद्धा नाही. जाऊ पट्टीच्या हाताकडे बघत बसली नुसती. भाऊसाहेबांना फोन लावला. तर म्हणतात, "अहो हो, कुलूप लावताना तो चौकोन रिकामे करतो, पुढच्या माणसासाठी. ते सांगायचं राहिलंच. कुलूप लावायच्या आधी छापायचं असतं."

दिवस उरला होता एक. सकाळी पाळीच्या आधी दोघी जाऊन बसलो. कुलूप काढून ठेवलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले, कारण माझ्या लक्षात नव्हतं पण तिला दीड पान तोंडपाठ होतं, हात तिचा होता ना. रेघ आली की थांबायचं, पुसायची, पुढे. छापलं. मग कुलूप लावलं, हो, लावलंच, असू दे रिकामं.

खिडकीत दिला. पेन्सिलवालीचा हात कानामागे गेला. पेन्सिल कागदावरून एकेक ओळ फिरली, टेकली नाही. दुसरं पान. टेकली नाही. शेवटी तिनं पेन्सिल परत कानामागे खोचली आणि विचारलं, कुणाकडून लिहून घेतलंत? मी म्हटलं, शिक्का मारा. मारला.

हलकं काम मंजूर. आठवड्यात जाळी पण बसली. जावेनं माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं, डाव्या हातानं पाठ थोपटली. मग हुकूम आला, कुठलं हलकं काम ते सांगणारा. मी चष्मा लावून दोनदा वाचला. सदर अर्जातील शुद्ध लेखन पाहता सदर कर्मचाऱ्यास तीन महिन्यांसाठी सर्व विभागांचे फॉर्म कॉम्प्युटरवर भरण्याचे काम देण्यात येत आहे.

आता ती खुर्चीवर बसते, पंख्याखाली, पट्टीचा हात टेबलावर ठेवून. पाळी सुटली की मी जाते. ती सांगते, आणि मी एका बोटानं टाइप करते.