आधी घर बघू

वाघोलीच्या बसथांब्यावर विमलाबाई नोकरी लावून देणाऱ्या एजंटाशी फोन स्पीकरवर टाकून बोलत होत्या. शेजारी त्यांची बारावी झालेली भाची अपेक्षा नखं खात होती. रांगेत मागे उभ्या असलेल्या नीरजाताईंनी पुस्तक काढलं, पण उघडलं नाही.

"मावशी, दिल्लीला मॉलमधली नोकरी पक्की आहे. उद्या मुलीला एकटीलाच पाठवा. आधार कार्ड माझ्याकडे राहील, फोन नको बरोबर."

"पाठवते की. आधी घर बघू."

"कसलं घर?"

"तुमचं. आमच्यात मुलगी द्यायच्या आधी घर बघतात."

"अहो, हे लग्न नाही, नोकरी आहे!"

"लग्नात निदान नवरा तरी दिसतो. पत्ता सांगा, आम्ही बचत गटाच्या सातजणी येतो. पोलीस चौकीतल्या मॅडमपण येणार आहेत. पोहे करून ठेवा."

फोनमधून टूं टूं आवाज आला.

"मावशी, कट केला त्यांनी."

"स्थळ फिसकटलं म्हणायचं."

"पण खरी नोकरी असती तर?"

"तर पत्ता सांगितला असता. चल, कार्ड पर्समध्ये ठेव. दुसरी बघू."

नीरजाताईंना राहवेना.

"अहो, चौकीतल्या मॅडम खरंच येणार होत्या?"

"मॅडम येणारच होत्या. सातजणींचंच जरा जास्त झालं, आम्ही सहा आहोत."

"मग पुढच्या स्थळाला सातवी मला धरा. पस्तीस वर्षं वर्गात थापा ऐकल्यात मी."