समुद्राचं हाड

आत डॉक्टर इंद्राणीच्या नवऱ्याच्या मोडक्या नडगीत समुद्रातलं पोवळं बसवत होते. बाहेर बाकावर तिच्यामागे दोन बायका बोलत होत्या.

“तुझ्या धन्याच्या पायातलं पोवळं कसं आहे?”

“विरलं. एक्स-रेच्या फोटोत आता सगळं हाडच दिसतं.”

“मग चांगलं झालं की!”

“कसलं चांगलं? भरती आली की पाय ओला होतो. पुसला की हाताला मीठ लागतं.”

“बोंज्ये, देवा रे!”

“आपण माणूस जाळून अस्थी समुद्राला देतो. इथं समुद्रानंच आधी हाड दिलंय.”

“मग ते न्यायला येणार तो?”

“तो कशाला येतोय? आमचे हेच पितों गावच्या उसाच्या शेतांतून त्याच्याकडं चालत सुटतात, रोज थोडे पुढं.”

दार उघडलं. नवऱ्याला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं. इंद्राणीनं त्याचा हात घट्ट धरला.

“अगं,” तो गुंगीतच पुटपुटला, “आज भरती कधी आहे?”